उशी, कानातले बोळे आणि १३२ सामने

प्रिय पोरा,

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या पहिल्या मोसमाला निघताना तुझा मेसेज एका ओळीचा होता: "काका, सोबत काय काय घेऊ?"

बॅट, ग्लव्ह, स्पाइक्स यांची यादी मी देत नाही, ती तुला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. बसमध्ये मानेखाली घ्यायला घरची उशी घे. कानात घालायचे बोळे घे, पाच-सहा जोड्या, कारण ते हरवतात. शॉवरसाठी रबरी चपला घे. आणि एक साधं गजराचं घड्याळ घे. रात्री फोन उशाशी ठेवू नकोस असं मी पुढे सांगणार आहे, आणि तेव्हा तू गजराची सबब सांगशील.

हसू नकोस. मी मायनर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांत, नऊ मोसम काढले. सहा खेळाडू म्हणून आणि तीन बुलपेन कॅचर म्हणून, म्हणजे पिचरचे, चेंडू टाकणाऱ्यांचे, हात सामन्याआधी गरम करून द्यायचे आणि सामना कुंपणाच्या जाळीतून बघायचा. मेजर लीगचं मैदान मी तिकीट काढूनच पाहिलं. तेव्हा होम रन कसा मारावा हे मला विचारण्यात अर्थ नाही. पण हातात कला असलेली किती पोरं घरी परत गेली, ते मी फार जवळून पाहिलंय. चेंडू दिसत नाही म्हणून गेलेले त्यात थोडे. दुपारी एक ते सात आणि रात्री अकरा ते दोन या वेळेचं करायचं काय, हे न जमलेले जास्त.

सिंगल-ए, मायनर लीगची एक खालची पायरी (तिच्या वर डबल-ए, ट्रिपल-ए), म्हणजे १३२ सामने, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत. मंगळवार ते रविवार रोज सामना, सोमवारी सुट्टी, आणि ती सुट्टी पुष्कळदा बसमध्येच जाते. २०२१ पासून एका गावी गेलं की सहा सामने तिथेच खेळायचे अशी पद्धत आली, हे तुमचं नशीब. आम्ही तीन-चार दिवसांनी गाशा गुंडाळायचो. रात्री साडेदहाला सामना संपला की अंघोळ, डब्यातलं गार जेवण, बस, आणि पहाटे चारला कुठल्याशा मोटेलच्या काउंटरवर चावीसाठी रांग.

सातचा सामना असेल तर तू दीडच्या सुमारास क्लबहाऊसमध्ये पोचशील. आधी ट्रेनरचं टेबल, मग वजनं, मीटिंग, समोरच्या पिचरचे व्हिडिओ, जाळीच्या केजमध्ये बॅटिंग, मग मैदानावर अंग मोकळं करणं, थ्रो, बॅटिंग प्रॅक्टिस. साडेपाचच्या आसपास आत येशील आणि मग तासभर काहीच नसेल. तो तास वाईट. पोटात गोळा येतो तो त्याच तासात. प्रत्यक्ष सामना आता लवकर आटपतो. पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा लावणारं घड्याळ, आल्यावर मेजर लीगमधला नऊ इनिंगचा सामना सरासरी तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला, तो एका वर्षात, २०२२ ते २०२३. म्हणजे हिशेब कर, नोकरीचा किती भाग लोकांसमोर आहे आणि किती नाही.

आमच्याकडे एक शॉर्टस्टॉप होता, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. रोज सव्वादोनला तो इनफील्डच्या कडेला गुडघ्यांवर बसायचा. हातात ताटलीसारखा सपाट, सरावाचा ग्लव्ह. कोच दहा फुटांवरून चेंडू सरपटत सोडायचा. चाळीस चेंडू. आदल्या रात्री दोन चुका झाल्या असल्या तरी चाळीस, एकही झाली नसली तरी चाळीस. पाऊस असला तर केजच्या सिमेंटवर. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? तो म्हणाला, "रोज येतो. म्हणून तर आकडा ठरवून टाकलाय. करू की नको असा विचार करत बसलो तर एखाद्या दिवशी नको जिंकेल."

असा एखादा आकडा तूही ठरव. फक्त त्याची अंधश्रद्धा होऊ देऊ नकोस. मी एकदा सलग अकरा सामन्यांत हिट मारले म्हणून आतला बनियन धुवायचा नाही असं ठरवलं होतं. बाराव्या दिवशी बसमधल्या मंडळींनी तो खिडकीतून बाहेर टाकला. त्या रात्रीही मी हिट मारला.

आणि हिट न मारायचे दिवस येतीलच. एप्रिलमध्ये स्कोअरबोर्डवर तुझ्या हसऱ्या फोटोशेजारी बॅटिंगची सरासरी .१४३, म्हणजे सातांत एकच हिट, असं काहीतरी झळकेल आणि तुझ्याआधी ते तुझ्या आईने बघितलेलं असेल. १९९४ मध्ये मायकल जॉर्डन बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-ए खेळला. बास्केटबॉलमध्ये ज्याला तोड नव्हती असा माणूस, त्याची सरासरी राहिली .२०२ आणि १२७ सामन्यांत तो ११४ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला. या खेळाला तू कोण आहेस याची पडलेली नसते. मी पोरांना एवढंच सांगायचो: सामन्यानंतर दहा मिनिटं वही काढ, बॉल-स्ट्राइकच्या कोणत्या मोजणीवर कोणता चेंडू आला आणि तू काय केलंस ते लिही, वही मिट आणि तिच्याबरोबर तो दिवसही मिट. वही क्लबहाऊसमध्येच राहू दे. खोलीवर नेलीस की ती रात्री दोनला उघडते.

१९८१ मध्ये पॉटकेट आणि रॉचेस्टर यांच्यात ट्रिपल-ए चा एक सामना ३३ इनिंग चालला. १८ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला आणि पहाटे चार वाजून सात मिनिटांनी थांबवला, तेव्हा ३२ इनिंग झाल्या होत्या आणि प्रेक्षक १९ उरले होते. थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून हात शेकले. उरलेली एक इनिंग २३ जूनला खेळली, ती अठरा मिनिटांत संपली. त्या मैदानावर पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले कॅल रिपकेन आणि वेड बॉग्स होते. विजयी हिट मारला डेव्ह कोझाने, आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. मला हा सामना आठवतो तो विक्रमासाठी नाही. पहाटे चारलाही कुणीतरी तिसऱ्या बेसवर गुडघे वाकवून तयार उभा होता, म्हणून.

आता शरीराचं. चौथ्या मोसमात माझा डावा अंगठा सुजला. फाऊल टिप, म्हणजे बॅटला निसटता लागून मागे आलेला चेंडू, लागला होता. माझ्या मागे दुसरा कॅचर टपून बसला होता, म्हणून मी ट्रेनरला सांगितलं नाही. अंगठ्याला ग्लव्हच्या आत स्पंजचा तुकडा लावून अकरा दिवस खेळलो. बाराव्या दिवशी बटण लावता येईना. हाड चिरलेलं, आणि त्या अकरा दिवसांनी ते सरकलेलं. तीन आठवड्यांचं दुखणं अख्ख्या मोसमाचं झालं आणि माझी जागा त्या दुसऱ्या कॅचरला मिळाली ती कायमची. तेव्हा दुखलं की सांग. तुझं कोपर म्हणजे तुझी शिदोरी. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडची कंडरा (टेंडन) बसवली, आणि त्यानंतर तो १६४ सामने जिंकला, हे खरं. पण ती शस्त्रक्रिया म्हणजे वर्ष-दीड वर्ष मैदानाबाहेर, एकट्याने, रिकाम्या मैदानावर थ्रो मोजत बसणं. पोरं तिच्याविषयी हल्ली दात काढून घ्यावा तसं बोलतात, ते मला आवडत नाही.

तंबाखूवर मायनर लीगमध्ये १९९३ पासून बंदी आहे, तरी कुणीतरी डबी पुढे करेलच. मेजर लीगचा नामी बॅटर टोनी ग्विन चोपन्नाव्या वर्षी लाळग्रंथीच्या कॅन्सरने गेला, आणि त्याचं कारण त्याने स्वतःच तोंडातल्या तंबाखूला दिलं होतं. सूर्यफुलाच्या बिया चघळ.

खोलीत तुझ्याबरोबर बहुधा डोमिनिकन किंवा व्हेनेझुएलाचा मुलगा असेल, अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याला इंग्रजी येत नाही म्हणून तो गप्प असेल आणि तू समजशील की शिष्ट आहे. माझा पहिला रूममेट महिनाभर रोज एकच पदार्थ मागवायचा, कारण मेन्यूवरचा तेवढाच त्याला उच्चारता यायचा. तू स्पॅनिश शिक. मैदानात तुझ्या शेजारी उभा असलेला स्पॅनिश बोलणारा असू शकतो, आणि बेस भरलेले असताना खुणांनी गप्पा मारायला वेळ नसतो. शिवाय लाँड्रीच्या मशीनपाशी दोन तास बसायचं असतं, तिथे भाषा उत्तम येते.

पैशाचं थोडक्यात. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला आणि सिंगल-ए चा किमान पगार वर्षाला ११,००० डॉलरवरून २६,२०० डॉलर झाला. राहण्याची सोय २०२२ पासून क्लब करतो. आम्ही दोन खोल्यांत पाच जण हवेच्या गाद्यांवर झोपायचो आणि हिवाळ्यात गोदामात खोकी उचलायचो. म्हणजे तुझं बरं आहे, पण भागतं एवढंच. सही करताना मिळालेल्या बोनसमधून आधी कर जातो, उरलेल्याला हात लावू नकोस. पहिल्या महिन्यात नवा ट्रक घेणारे मी मोजायचो, नंतर मोजणं सोडलं. आणि क्लबहाऊसवाला पोरगा, जो रात्री एकला तुझे चिखलाचे कपडे धुतो, त्याची टीप कधी बुडवू नकोस.

बेटिंगचं मात्र थोडक्यात नाही. नियम २१, म्हणजे खेळाडूने बेसबॉलवर पैसे लावायचे नाहीत, हा क्लबहाऊसच्या भिंतीवर लावलेला असतो, रोज त्याच्या पुढून जाशील. २०२४ मध्ये मेजर लीगच्या टुकुपिता मार्कानोला तहहयात बंदी झाली. तो जखमी यादीत असताना त्याने स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले होते. त्याच दिवशी आणखी चौघांना वर्षभर बाहेर बसवलं. त्यातल्या मायकल केलीने बेसबॉलवर लावलेली एकूण रक्कम होती ९९ डॉलर २२ सेंट, आणि तीही मायनर लीगमध्ये असताना. फोनवर ते ॲप ठेवूच नकोस, फुटबॉलसाठीसुद्धा नको. आणि पैसे लावणारे लोक तुला शोधत येतील. २०२५ मध्ये ह्यूस्टनचा पिचर लान्स मॅकलर्स याला एका खराब सामन्यानंतर त्याच्या मुलांना मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांना सापडला तो परदेशातला एक पैसे हरलेला माणूस. तुझ्या एका चुकीमुळे कुणाचे तरी वीस डॉलर बुडतील आणि तो रात्री एकला तुला लिहील. म्हणून ते घड्याळ. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

एक गोष्ट उरली, ती सांगायला जिवावर येतंय. कधीतरी कोच तुझ्या लॉकरपाशी येऊन हळू आवाजात म्हणेल, "मॅनेजरने आत बोलावलंय." बढती मिळाली तरी हेच वाक्य, काढून टाकलं तरी हेच. क्लबहाऊसमध्ये सगळे एकदम बुटांच्या नाड्या बांधायला लागतात. एका मेजर लीग क्लबला मोसमात आपल्या अमेरिकेतल्या मायनर लीग संघांसाठी आता १६५ खेळाडू ठेवता येतात, २०२४ आधी १८० होते, आणि जुलैच्या ड्राफ्टमधून, म्हणजे नवे खेळाडू निवडतात त्यातून, दरवर्षी नवी पोरं येतात. कुणीतरी जागा रिकामी करतोच. माझी वेळ मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. बाहेर आलो तर लॉकरमधलं माझं सामान काळ्या पिशवीत भरून ठेवलेलं होतं, आणि पिशवीच्या वर माझा मिट, म्हणजे कॅचरचा ग्लव्ह, नीट पुसून, आत चेंडू घालून दोरीने बांधलेला. कुणी बांधला ते अजून माहीत नाही. मला वाटतं त्या दुसऱ्या कॅचरने.

तुझ्या मित्राला बोलावणं आलं तर नाड्या बांधू नकोस. त्याची बॅग गाडीपर्यंत उचल.

सोमवारी फोन कर. दुपारी, बस सुटायच्या आत. सामन्याचं मी बॉक्स स्कोअरमध्ये वाचतो, ते सांगू नकोस. जेवलास का, झोपलास का, रूममेटने काय नवं शिकवलं, ते सांग.

तुझा
काका

ता. क. नवा ग्लव्ह मऊ करायला कुणी ओव्हनमध्ये ठेव म्हणेल. ठेवू नकोस. रोज एखाद्याबरोबर कॅच खेळ, रात्री चेंडू आत घालून बांधून ठेव. सहा आठवडे लागतात.