क्लिनिकल जीनोम सिक्वेन्सिंगमध्ये बायोइन्फॉर्मॅटिक्सचे काम करायचे असेल, तर पायथॉनचा कोर्स पुरेसा आहे का?

तुम्ही नाशिकमध्ये एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत: सहा महिन्यांचा पायथॉनचा कोर्स केल्यावर जनुकीय चाचण्या करणाऱ्या लॅबमध्ये नोकरी मिळेल का, आणि त्यासाठी नाशिक सोडावेच लागेल का. मी गेली नऊ वर्षे हेच काम, म्हणजे जनुकीय माहितीचे संगणकावर विश्लेषण (बायोइन्फॉर्मॅटिक्स), करतो. त्यांतली पहिली पाच पुण्यात गेली; आता इंदिरानगरमधल्या घरातून परगावच्या एका लॅबसाठी काम करतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. सुरुवातीला सोडावे लागेल. नाशिकमध्ये रुग्णाचे रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतले जाते आणि एक्झोमसारख्या (जीनोममधल्या प्रथिने बनवणाऱ्या भागाच्या) चाचणीसाठी ते बहुधा पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूला रवाना होते. पुढे अनुभव आल्यावर घरून काम करता येते, कारण आमच्या हातात रक्त येत नाही, मशीनने वाचलेल्या डीएनएची फाइल येते. परंतु उन्हात राहिलेला किंवा गोठलेला नमुना आला की तीच फाइल कशी बिघडते, हे लॅबमधल्या लोकांच्या शेजारी दोन-तीन वर्षे बसल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवे, कारण या कामाविषयीचा मोठा गैरसमज तिथेच आहे. डीएनए वाचणाऱ्या मशीनमधून साधारण दीडशे-दीडशे अक्षरांचे (ए, सी, जी, टी) कोट्यवधी तुकडे फास्टक्यू फाइलमध्ये बाहेर पडतात, ते बीडब्ल्यूएसारख्या प्रोग्रॅमने संदर्भ जीनोमवर (तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण जीनोमवर) जुळवले जातात, जीएटीकेसारख्या साधनाने फरक शोधले जातात आणि त्या फरकांची यादी असलेली व्हीसीएफ फाइल तयार होते. ही सगळी साखळी, म्हणजे पाइपलाइन, बहुतेक लॅबमध्ये आता बसवून ठेवलेली असते आणि एका आज्ञेवर चालते. एक्झोम म्हणजे संपूर्ण जीनोमचा जेमतेम एक ते दोन टक्के भाग, तरीही एका माणसाच्या एक्झोममध्ये वीस हजारांच्या आसपास फरक सापडतात. त्यांतला कोणता एक, किंवा कोणते दोन, समोरच्या बाळाच्या आजाराला कारणीभूत आहेत, हे ठरवण्यात मदत करण्यासाठी लॅब तुम्हाला पगार देते. त्यासाठी पायथॉन आवश्यक आहे, पण ते हत्यार आहे. विद्या जनुकशास्त्राची आहे.

सिकलसेलचेच उदाहरण घ्या. (या आजाराच्या निदानाला सिक्वेन्सिंगची गरज सहसा पडत नाही, एचपीएलसी या रक्ततपासणीने काम भागते, पण शिकायला याहून चांगले उदाहरण नाही.) हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. पाठ्यपुस्तक सांगते की त्यातल्या जीएजी या तीन अक्षरांचे जीटीजी होते, म्हणजे एच्या जागी टी येतो. फाइल उघडलीत तर टीच्या जागी ए दिसेल, कारण हे जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट धाग्यावर आहे (एका धाग्यावर ए असेल तिथे दुसऱ्यावर टी असतो) आणि फाइलमध्ये अक्षर नेहमी सरळ धाग्यावरचे लिहिले जाते. संदर्भ जीनोमच्या ३७व्या आवृत्तीत या जागेचा क्रमांक ५२४८२३२ आहे, तर ३८व्या आवृत्तीत ५२२७००२. बदललेले अमिनो आम्ल जुन्या पुस्तकांत सहावे आणि आजच्या नामपद्धतीत सातवे. एकच बदल, पण त्याची एवढी नावे आणि एवढे पत्ते. आता पडद्यावर आयजीव्हीमध्ये (जुळवलेले तुकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) त्या जागेवरचे ४० तुकडे पाहा: त्यांपैकी १९ मध्ये ए असेल तर माणूस वाहक आहे (जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल आहे) असे म्हणता येते; फक्त तीनमध्ये असेल, तर मी अहवालाचा विचारही करत नाही, आधी ते तिन्ही तुकडे एकाच दिशेचे आहेत का आणि नमुन्यात दुसऱ्याचे रक्त मिसळले आहे का ते तपासतो.

आवृत्त्यांचा हा मुद्दा मी उगाच काढलेला नाही. पहिल्याच वर्षी मी ३७व्या आवृत्तीवरच्या जनुकांच्या जागांची यादी ३८व्या आवृत्तीच्या फाइलवर लावली. प्रोग्रॅमने चकार शब्द न काढता काम पूर्ण केले आणि सगळे नमुने निर्दोष ठरवले. त्या खेपेत थॅलेसेमियाच्या ज्ञात रुग्णाचा एक नमुना पडताळणीसाठी मुद्दाम घातलेला होता आणि तोही निरोगी निघाला, म्हणून माझी चूक बाहेर जाण्याआधी पकडली गेली. कोर्समध्ये प्रोग्रॅम चालला की गुण मिळतात; इथे बिनतक्रार चाललेल्या प्रोग्रॅमकडे अधिक संशयाने पाहावे लागते.

यापुढचा भाग अर्थ लावण्याचा. अमेरिकेतील दोन व्यावसायिक संस्थांनी २०१५ मध्ये दिलेल्या निकषांनुसार प्रत्येक फरक निरुपद्रवी ते रोगकारक अशा पाच वर्गांपैकी एकात बसवला जातो, आणि ‘अर्थ अनिश्चित’ हा मधला वर्ग आपल्याकडच्या रुग्णांत फार वेळा वापरावा लागतो. एखादा फरक दुर्मिळ आहे असे म्हणण्यासाठी तो निरोगी लोकांत किती आढळतो हे पाहावे लागते, आणि जागतिक माहितीसाठ्यांत भारतीयांचे नमुने आपल्या लोकसंख्येच्या मानाने थोडे आहेत. इंडिजेन प्रकल्पाचे १,०२९ आणि जीनोम इंडियाचे १०,००० जीनोम यांमुळे ही उणीव काहीशी भरून निघत आहे, तरी आपल्यातला एकेक समाज वेगळा पाहिला तर हे आकडेही तोकडेच आहेत.

इथे मराठी मुलखाची माहिती थेट उपयोगी पडते. फॉर्मवर ‘नात्यात लग्न: नाही’ असे लिहिलेले असते आणि फाइलमध्ये दोन्ही गुणसूत्रांवरचे लांबच लांब पट्टे अगदी सारखे दिसतात, म्हणजे आई-वडील नात्यातले असावेत. पुष्कळ घरांत मामाच्या मुलीशी झालेले लग्न कोणी ‘नात्यातले’ म्हणून सांगतच नाही, हे मला माहीत असल्यामुळे मी डॉक्टरांना पुन्हा विचारायला सांगतो. हे विचारायचे ते त्यांनी किंवा समुपदेशकांनी. आपण परस्पर निष्कर्ष लिहायचा नसतो. तसेच गर्भाच्या नमुन्यात लिंग फाइलवरून लगेच कळते, पण १९९४ च्या कायद्याने ते सांगण्यास मनाई आहे, म्हणून अहवालात त्याचा मागमूस राहणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते.

त्यामुळे त्या कोर्ससाठी पैसे भरण्याआधी थांबा. पदवीच हवी असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील बायोइन्फॉर्मॅटिक्स केंद्राची चौकशी करा; ते १९८७ पासून चालू आहे. लिनक्स आणि पायथॉन घरी बसून शिकता येतात. (पहिली दोन वर्षे आयटीमधल्या मित्राचा पगार विचारू नका, एवढे मात्र ऐका.)

सरावासाठी एचजी००१ हा नमुना घ्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने त्यातले फरक तपासून खुले ठेवले आहेत, त्यामुळे तुमचे उत्तर ताडून पाहता येते. संपूर्ण जीनोम लॅपटॉपला झेपणार नाही, म्हणून फक्त २०वे गुणसूत्र घ्या. तेही सुमारे ६ कोटी ४० लाख अक्षरांचे आहे. तुमच्या आणि त्यांच्या यादीत जिथे तफावत पडेल अशा वीस जागा निवडा, प्रत्येक जागा आयजीव्हीमध्ये डोळ्यांनी पाहा आणि चूक कोणाची व कशामुळे ते दोन-दोन ओळींत लिहा. मी मुलाखत घेतो तेव्हा प्रमाणपत्राऐवजी असे कागद मागतो, आणि आजवर ते आणणारे फारच थोडे भेटले.