वाचकांचे प्रश्न: डफ सुकला, पण बोलत का नाही?

प्रश्न : १६ इंची लाकडी कड्यावर बकरीचं कच्चं कातडं चढवलं. ओलं होतं तेव्हाच जेवढं ताणता येईल तेवढं ताणून वाद्या आवळल्या आणि गच्चीवर उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी बघते तर कडं एका बाजूने वर उचललेलं आणि थाप मारली की पत्रा वाजवल्यासारखं वाजतंय. कातडंच खराब होतं का?

नाही ताई, कातडं चांगलं होतं, घाई झाली. माझ्या पहिल्या डफाचं अगदी हेच झालं होतं, रात्री सपाट ठेवलेलं कडं सकाळी भिजून सुकलेल्या पुठ्ठ्यासारखं पिळवटलेलं, आणि मला खूप वाईट वाटलं होतं म्हणून तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलंय. काय होतं की कच्चं कातडं म्हणजे कमावलेलं चामडं नाही, त्यात पाणी असतं तोपर्यंत ते मऊ आणि ढिलं असतं, आणि पाणी उडालं की ते स्वतःच आकसतं, तेही इतक्या जोरात की पातळ कडं वाकवून टाकतं. म्हणजे ताण तुम्ही द्यायचाच नाहीये, तो सुकताना आपोआप येणार आहे. ओलं असताना फक्त सुरकुती राहणार नाही आणि मधे बोट दाबलं तर थोडंसं खाली जाईल इतपतच ठेवायचं. वादी समोरासमोरच्या भोकांतून ओवायची, एका बाजूने सलग आवळत गेलात की ती बाजू जिंकते आणि कडं तिकडे ओढलं जातं.

दुसरं म्हणजे ऊन. उन्हात वरचा थर आधी कडक होतो, आतली ओल मागे राहते आणि ताण सगळीकडे सारखा बसत नाही. सावलीत, पंख्यापासून लांब, दोन काठ्यांवर आडवा ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल, आणि अधूनमधून उलटा करत जा. पातळ कातड्याला दोन-तीन दिवस, जाडाला आठवडासुद्धा लागतो. सुकलं की नाही ते बघायला पालथा हात कातड्यावर टेकवा, गार लागलं तर अजून ओल आहे. मधे कोरडं झालं तरी काठाला, जिथे वाद्यांखाली कातडं दुमडलंय, तिथे एखादा दिवस जास्त गार लागतं, तिथे खरंच थांबा.

आता हा डफ वाचवता येईल का, तर हो. कच्च्या कातड्याचा हा फार मोठा गुण आहे, ते परत भिजतं. वाद्या सोडवा, कातडं काढून गार पाण्यात रात्रभर ठेवा, कडं किती सरळ येतं ते बघा, नाहीच आलं तर नवीन जाड कडं घ्या पण कातडं तेच वापरा. लवकर भिजावं म्हणून गरम पाणी मात्र अजिबात नको, साधारण ६० अंशांच्या पुढे कातड्यातलं कोलॅजन, म्हणजे त्याला बळकटी देणारं प्रथिन, आखडतं आणि मग त्याचं जिलेटिन व्हायला लागतं, ते पुन्हा कातडं होत नाही. आणि कड्याची जी धार कातड्याला टेकते ती पॉलिश पेपरने गोल करून घ्या, धारदार राहिली तर तिथेच फाटणार.

प्रश्न : डफाच्या मधोमध अॅक्रिलिकने मोठा सूर्य रंगवला, दोन हात दिले. दिसतो सुंदर पण आवाज बसला. नैसर्गिक रंग वापरले असते तर असं झालं नसतं का?

झालं असतं, जाड थर दिला असता तर. प्रश्न नैसर्गिक की विकतचा हा नाहीच, रंग कातड्यात मुरतो की वर बसतो हा आहे. डफाचा जो खोल, भरीव आवाज असतो त्यात सगळ्यात जास्त हलतो तो मधला भाग, काठ जवळजवळ जागचा हलत नाही. तुम्ही नेमकं मधे वजन आणि प्लास्टिकचा पापुद्रा ठेवलात. मधल्या वजनाने काय फरक पडतो ते तबल्याच्या शाईत, म्हणजे मधल्या काळ्या गोलात, बघा, तिथे वजन मुद्दाम दिलेलं असतं आणि एकेक पातळ थर दगडाने घोटून बसवलेला असतो. त्या शाईमुळे स्वर सुरेल जुळतात हे सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये दाखवून दिलं. तिथे वजन मोजून येतं, आपण अंदाजाने रंग थापतो. तुमचा सूर्य आता खरवडू नका, कातडं पातळ होईल. हा डफ असाच ठेवा आणि पुढच्याला चित्र काठाकडे घ्या.

मुरणाऱ्या रंगात माझी पहिली पसंती मेंदीला. तळहातावर रंगते तशीच कातड्यावरही रंगते, कारण तिचा रंग प्रथिनाला धरतो, वजन शून्य, थर नाही. डफ पूर्ण सुकल्यावरच लावा, लेप घट्ट ठेवा, पातळ झाला तर पाणी पसरून तेवढ्या जागी कातडं ढिलं पडतं. सुकलेली मेंदी खरवडून काढा, धुवू नका. डफ तोपर्यंत आडवाच. आधी कापून उरलेल्या तुकड्यावर करून बघा, प्रत्येक कातड्यावर छटा वेगळी येते.

गेरू, कोळसा, पांढरी माती हेही छान. दगडावर अगदी बारीक वाटायचं, अंड्याच्या बलकाचे दोन थेंब आणि जरासं पाणी, आणि ब्रशने भरण्यापेक्षा फडक्याने चोळायचं. डिंक घालू नका, घामाच्या हाताने वाजवलं की सुटून येतो. हळद आणि बीट दिसायला मोहक असतात पण उजेडात उडून जातात, मला ते बघवत नाही. याउलट उत्तर युरोपातल्या सामी लोकांच्या जुन्या ढोलांवर रेनडिअरच्या कातड्यावर अल्डर झाडाच्या सालीच्या तांबूस रंगाने काढलेली चित्रं शेकडो वर्षांनंतर आजही वाचता येतात. मात्र ती चिन्हं उचलून आपल्या डफावर काढू नका ही विनंती. सतराव्या-अठराव्या शतकात ते ढोल त्या लोकांकडून जप्त केले गेले, कितीतरी नष्ट केले. त्यांच्या पवित्र खुणा आपल्यासाठी नक्षी नाहीत, आपलं झाड, आपला पक्षी काढा की.

तापलेल्या पेनने कातड्यावर नक्षी जाळणं नकोच, कारण वरती सांगितलं तेच, उष्णतेने तिथलं कातडं आखडतं आणि पुढे तिथूनच तडकतं. लाकडी कड्यावर खुशाल करा. मणी, शिंपले, पिसं मागच्या वाद्यांना बांधायची असतील तर घट्ट बांधा, नाहीतर प्रत्येक थापेला खुळखुळतात.

प्रश्न : केसांसकट कातडं मिळतंय. केस काढण्यासाठी चुना वापरू की राख?

दोन्ही चालतं. चुन्याच्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवलं, रोज हलवलं की केस हाताने ओढले तरी सुटतात, मग बोथट पात्याने दोन्ही बाजू खरवडायच्या आणि पाणी बदलत भरपूर धुवायचं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. मीठ लावलेलं कातडं असेल तर मीठ आधी पूर्ण काढा, मीठ हवेतली ओल ओढतं आणि तो डफ कधी धड सुकत नाही.

पण त्याआधी जनावर कुठलं, कशाने मेलं हे विचारा. हे मी कळकळीने सांगतोय. २००६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका ढोल बनवणाऱ्याला आफ्रिकेतून आणलेल्या कोरड्या कातड्यांमुळे श्वासातून अँथ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा रोग झाला, तो वाचला, २००८ मध्ये लंडनमधला एक ढोल बनवणारा मात्र त्याच रोगाने गेला. या रोगाचे जंतू बीजाणूच्या, म्हणजे झोपलेल्या बीजासारख्या, रूपात कोरड्या कातड्यावर वर्षानुवर्षं टिकतात आणि कोरडं खरवडताना धुळीतून छातीत जातात. खात्री नसेल तर ते कातडं घरातच आणू नका, साफ केलेलं, तपासलेलं घ्या.

प्रश्न : पावसाळी हवेत डफ ढिला पडतो. वाद्या पुन्हा आवळू का?

नका आवळू. हवा कोरडी झाली की तोच जास्तीचा ताण कातडं फाडेल. हेअर ड्रायर हातभर लांब धरून गोल गोल फिरवत पाच मिनिटं शेकवा आणि वाजवून बघा. तेल-तूप चोळायचा सल्ला बरेचजण देतात, माझ्या मते नको, त्याने आवाज मंद होतो आणि ते परत निघत नाही. कोरड्या दिवसांत स्वर फारच चढला तर आतल्या बाजूने ओल्या फडक्याचा एक हलका हात पुरतो.