कॅलरी मोजू की जेवू?

प्रश्न : ताई, चार महिने झाले मी अ‍ॅपवर घास न् घास मोजतेय, प्रोटीन किती, फायबर किती, पण आकडे बरोबर येऊनही संध्याकाळी नुसती भूक भूक होते. काय चुकतंय?

उत्तर : अगं, आकड्यांवर जरा जास्तच भरवसा टाकलायस. १ ग्रॅम प्रोटीनला ४ आणि फॅटला ९ कॅलरी हे गणित सरासरीचं आहे, तेही १९व्या शतकाच्या शेवटाचं. अख्खे बदाम खाल्ले की त्यातलं थोडं फॅट न पचताच बाहेर जातं, म्हणजे पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा कमीच मिळतं, अ‍ॅपला ते कुठून कळणार! २०१९ मध्ये अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांच्या टीमने २० जणांवर प्रयोग केला, एकदा अल्ट्रा-प्रोसेस्ड म्हणजे कारखान्यात बनलेलं तयार पाकीटबंद खाणं दिलं, एकदा साधं, कमी प्रक्रियेचं जेवण; दोन्हींत साखर, फॅट, फायबर सारखंच वाढलं आणि हवं तेवढं खा म्हटलं, तरी अल्ट्रा-प्रोसेस्ड खाताना लोकांनी दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि भराभरा खाल्लं ते वेगळंच. म्हणून प्रोटीन बारऐवजी डाळ नाहीतर अंडं, ज्यूसऐवजी अख्खं फळ खाऊन बघ, चावायला वेळ लागतो तेवढ्यात पोट भरल्याचं कळतं. हां, डायबेटिस वगैरे असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं मोजणं मात्र सोडू नकोस.