पोळ्याची पुरणपोळी

चि. आशिषला अनेक आशीर्वाद.

नागपूरहून परतताना तू विमानात विचारलेस, की पोळ्याच्या दिवशी शेजारच्या काकूंनी आणलेली पुरणपोळी तुझ्या आजोबांनी, आबांनी, खाल्ली नाही आणि त्यांच्या मुलाने, तुझ्या काकांनी, मात्र स्वयंपाकघरात जाऊन खाल्ली, तर दोघांपैकी खरा ख्रिस्ती कोण. तेव्हा मी झोपेचे निमित्त केले, कारण उत्तर एका वाक्यात मावणारे नव्हते.

ती पोळी बैलांची पूजा करून नैवेद्य दाखवलेली होती. आबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा नैवेद्य सोडणे ही त्यांच्या जुन्या आणि नव्या आयुष्यामधली खूण होती, आणि ती पुसली तर घराण्याने प्रभूला दिलेला शब्द मोडेल, असे आबांना आजही मनापासून वाटते. काकांचे म्हणणे असे, की पृथ्वी आणि तिच्यावरचे सगळे परमेश्वराचे आहे, पूजेत ठेवल्याने डाळीगुळात काही शिरत नाही, आणि शेजारणीने मायेने आणलेले परत करणे हेच जास्त चुकीचे.

हा वाद आपल्या घरात सुरू झालेला नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात कोणी सर्व काही खातो, तर कोणी फक्त भाजीपाला; कोणी एखादा दिवस विशेष मानतो, तर कोणी सगळे दिवस सारखे. कोणतेही अन्न मुळात अशुद्ध नाही, असे पौल स्वतः मानतो. म्हणजे मताने तो काकांच्या बाजूचा, तरीही तो आबांना सुधारायला जात नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे तो लिहितो. दोघांना दिलेली ताकीद वेगवेगळी आहे, हे नीट पाहा: ज्याला मोकळीक वाटते त्याला दुसऱ्याला हसावेसे वाटते, आणि जो पथ्य पाळतो त्याला न्यायाधीश व्हावेसे वाटते. (माझे पाऊल कुठल्या बाजूला घसरते, हे तुला ठाऊक आहेच.)

माझे माहेर नागपूरचे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तेथेच सहा ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या पंथांच्या चर्चसंस्था, एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांतल्या काही तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत, तर बाप्टिस्टांसारख्या काही माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच देत. एकत्र आलेल्या मंडळीने दोन्ही रीती राहू दिल्या. माझा बाप्तिस्मा मी तीन महिन्यांची असताना झाला. आबांच्या मंडळीत तो मोठेपणी, पाण्यात बुडवूनच देतात, म्हणून लग्न ठरताना मी तो पुन्हा घ्यावा, असे नात्यातल्या कोणीतरी सुचवले. आबा म्हणाले, की ही ज्याचे नाव घेते तोच आपलाही प्रभू आहे, आणि विषय तेथेच संपला. मत मात्र त्यांनी बदलले नाही. बालबाप्तिस्म्याला ते आजही बाप्तिस्मा म्हणत नाहीत, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे मंडळीने येशूच्या आठवणीत एकत्र भाकर घेण्याच्या, वेळी मला आपल्या शेजारी जागा धरून ठेवतात.

सगळेच असे ज्याच्या त्याच्यावर सोपवता येत नाही. मंडळीत कोणाला जातीवरून वेगळे बसवावे का, असा प्रश्न असता तर आबा गप्प राहिले नसते.

काका लपून खात होते, असे तुला वाटले. तसे नव्हते, वडिलांच्या डोळ्यांसमोर खाऊन त्यांचे मन कशाला दुखवावे, एवढ्यासाठी ते आत गेले. आबांनाही ते ठाऊक होते. शेजारणीचे ताट रिकामे पाठवायचे नाही, म्हणून ते वावरातून आणलेल्या मुगाच्या कोवळ्या शेंगा त्यात भरत होते, आणि भरता भरता ओसरीवरूनच त्यांनी आत आवाज दिला, तो तू ऐकला असशील: "कोरडी कायले खातं? तूप घे ना वरून."

तुझी,
आई