दशमांश सक्तीचा आहे का, आणि त्याचा आध्यात्मिक अर्थ काय?

तुम्ही लिहिलंय की पगार चोवीस हजार, त्यातून कर्जाचा हप्ता जातो, आणि उपासनेत दशमांशाचा, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला देण्याचा, विषय निघाला की मान खाली जाते. तर हा देवाने लावलेला कर आहे का? मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढले, लग्न होऊन पिंपरीला आले. गेली वीसेक वर्षं आमच्या घरातून दशमांश निघतो, त्या अनुभवावर लिहिते.

आधी भीती काढून टाका. बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशूनंतरच्या भागात, ख्रिस्ती माणसाला ‘दहावा हिस्सा दिलाच पाहिजे’ अशी आज्ञा कुठेही नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला सांगतो, ज्याने त्याने मनात ठरवलं असेल तसं द्यावं; कष्टी होऊन नको, भाग पडतं म्हणूनही नको. कॅथलिक लोकही चर्चच्या गरजांना हातभार लावणं कर्तव्य मानतात, पण दहा टक्क्यांचं बंधन त्यांच्यात नाही.

दशमांश मुळात मोशेच्या नियमशास्त्राच्याही आधीचा. लढाईहून परतलेल्या अब्रामाने (पुढचा अब्राहाम) मलकीसदेक या राजा-याजकाला सगळ्याचा दहावा भाग दिला, तेव्हा तसा नियमच नव्हता. मोशेच्या काळात त्याची व्यवस्था लागली. इस्राएलातल्या लेवी वंशाला जमिनीत वाटा नव्हता, ते निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, सेवा करायचे. इतरांच्या दशमांशावर त्यांचं घर चाले. आणि त्या लेव्यांनीही मिळालेल्यातला दहावा भाग काढायचा होता. व्यासपीठावरून हे फारसं ऐकू येत नाही, ते यायला हवं.

मला मात्र बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 14वा अध्याय सगळ्यात जवळचा. तिथे दशमांश चक्क खायचा आहे! धान्य, द्राक्षारस, तेल घेऊन घरच्यांसकट देवासमोर जायचं आणि आनंदाने जेवायचं. वाट लांबची असेल तर माल विकून पैसे गाठीला बांधायचे आणि तिथे पोचल्यावर मनाला येईल ते घ्यायचं. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो सगळा गावच्या वेशीच्या आत ठेवायचा, म्हणजे लेवी, परका, अनाथ, विधवा येऊन पोटभर जेवतील.

हे वाचलं की मला आमच्या गावचा हंगामाचा सण आठवतो. वेदीपुढे बाजरीची पोती, कणसं, कोंबड्या, अंडी. उपासना झाली की अंगणात लिलाव. एका वर्षी शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी परसातला एक दुधी आणला होता. एकाने तो घेतला आणि परत लिलावाला ठेवला, दुसऱ्यानेही तेच केलं. एकच दुधी चार वेळा विकला गेला आणि शेवटी आजींच्याच पिशवीत गेला. आजी पदराने डोळे पुसत होत्या. देणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. पीक माझं म्हणत होते, ते आधी देवाचं होतं. त्याच्या हातून आलं, म्हणून माझी मूठ उघडते.

म्हणूनच ‘दहा द्या, देव शंभर करून देईल’ हे मला पटत नाही, आणि दुखवतं. आमच्या नात्यातल्या एकांनी असं ऐकून व्याजाने पैसे काढून दिले. ते फेडता फेडता संसार मोडकळीला आला. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन दाखवतात, तिथे आकाशाची दारं उघडण्याचं अभिवचन आहेच, पण भांडारात दशमांश आणायचा तो देवाच्या घरात अन्न असावं म्हणून. आणि पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशमांश मोजणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाला, येशूने सांगितलं की न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडल्या. दशमांशही सोडू नका, हेही त्याने त्याच वाक्यात म्हटलं. मी दोन्ही धरून चालते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर कर्जाचा हप्ता चुकवून दशमांश देऊ नका. ज्याचं देणं आहे त्याला ते देणं हाही प्रामाणिकपणाच. पाचशे ठरवा, पण पगार झाल्या दिवशी आधी ते बाजूला काढा, महिनाअखेरी उरलं तर म्हणून नको. रक्कम कोणाला सांगू नका. आमच्याकडे एक तारखेला पाकीट बायबलमध्ये ठेवतो, मुलं त्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. त्यातला काही भाग मंडळीला जातो, आणि दर तिसऱ्या महिन्याला सगळा शेजारच्या एका मुलीच्या फीसाठी. तिला तो कुठून येतो हे माहीत नाही.