ब्रूटलिझमला ‘क्रूरवाद’ म्हणावं का?

इंदूरच्या एका ताई पुतणीचा आर्किटेक्चरचा निबंध मराठीत आणतायत. त्यात ब्रूटलिझम आहे, म्हणजे बांधकामाचं साहित्य न झाकता तसंच दाखवणारी वास्तुशैली. त्यांना हिंदीत कुठेतरी ‘क्रूरतावाद’ दिसला, म्हणून विचारतात, मराठीत ‘क्रूरवाद’ चालेल का?

नाही चालणार, ताई. या नावात फ्रेंच ‘ब्रुत’ आहे, म्हणजे काही संस्कार न केलेलं. इंग्रजीत त्यावर ‘ब्रूटल’ची सावली पडली आणि टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. वास्तुकार ल कॉर्ब्यूसिएची फ्रान्समधल्या मार्सेची 337 घरांची इमारत (1952) पाहा. गिलावा नाही, सेंटरिंगच्या फळ्यांच्या रेषा, गाठी, सांधे काँक्रीटवर तसेच उमटलेले. पण गच्चीवर मुलांसाठी बालवाडी. यात क्रौर्य कुठे शोधायचं?

‘कच्चं काँक्रीट’ही नको. साइटवर त्याचा अर्थ नीट न मुरलेलं, मिस्त्री आधी पाणी मारायला सांगेल. पृष्ठभागाबद्दल बोलताना सरळ ‘उघडं काँक्रीट’ लिहा. शैलीला विशेषण हवं तर ‘राकट’. राकट माणूस दुष्ट असतोच असं नाही, हे मराठीला ठाऊक आहे.

‘काँक्रीटवाद’ मात्र कुणी सुचवला तर ऐकू नका. ज्या इमारतीवरून हे नाव गाजलं, ती वास्तुकार स्मिथसन दांपत्याची इंग्लंडमधल्या हन्स्टँटनची शाळा (1954) पोलाद, विटा आणि काचेची आहे. तिथे बेसिनखालचे पाइपसुद्धा झाकलेले नाहीत. आग्रह होता तो काही न लपवण्याचा. याच दोघांनी लंडनच्या रॉबिन हूड गार्डन्स या वसाहतीत (1972) घरांसमोर चाळीसारख्या रुंद गॅलऱ्या काढल्या, शेजाऱ्यांनी तिथे भेटावं म्हणून. हेतू चांगला, पण वस्ती टिकली नाही. 2017 पासून ती पाडायला घेतली.

पुतणीने आपल्या इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीला ब्रूटलिस्ट म्हटलं असेल तर तेवढं खोडा. तिचे वास्तुकार बाळकृष्ण दोशी कॉर्ब्यूसिएच्या हाताखाली शिकले हे खरं, पण ‘अरण्य’चा भर राकट शैलीवर नाही. गरिबाला प्लॉट, जोतं, नळ आणि संडास-न्हाणीची सोय द्यायची, पुढचं घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं, अशी ती योजना. दोशींनी नमुन्याची 80 घरं बांधून दाखवली. बाकीच्यांनी आपापले ओटे, जिने, रंग स्वतः ठरवले. वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार (1995) याच विचाराला मिळाला. निबंधात या योजनेला ‘वाढती घरं’ म्हणा, आणि चळवळीचं नाव ‘ब्रूटलिझम’ असंच राहू द्या.