फेस लगेच का बसतो?

प्रश्न : सेलवर चालणारा फ्रॉदर (दूध घुसळून फेस आणायचं हातातलं यंत्र) घेतला. दुधाला फेस येतो, पण कपात ओतेपर्यंत बसतो. काय चुकतं?

उत्तर : बहुधा दूध फार तापतं. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. ७० अंशांपुढे ती बिघडू लागतात. फ्रिजमधलं १०० मिली दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवा. भांड्याला बोट क्षणभरच टेकवता आलं, की गॅस बंद. साय आधी काढा, ती फ्रॉदरच्या टोकाच्या तारेच्या चकतीला गुंडाळते. चकती दुधात बुडवूनच बटण दाबा, नाहीतर ओटाभर शिंतोडे! पृष्ठभागाच्या जरा खाली १५ सेकंद, मग तळाशी १० सेकंद फिरवा. चकती मंदावली असेल तर सेल बदला. धुताना मोटर असलेली मूठ भिजवू नका.